मेथीखालच्या गोळ्या

धारूरला आमची मनाच्या आजारांची ओपीडी आठवड्यातून एकदा भरायची, आणि तीही बाजाराच्या दिवशी. हे कुणा साहेबानं ठरवलं नव्हतं, पेशंटांनीच ठरवून टाकलं होतं. सुरुवातीला मानसोपचाराचे डॉक्टर दुसऱ्या वारी यायचे, तेव्हा ते आणि मी माश्या मारत बसायचो. बाजाराच्या दिवशी बसायला लागलो आणि बाकडी पुरेनात. लोकांना घरातून निघायला सबब मिळाली होती. 'बाजारला चाललाव' म्हटलं की काम झालं. येताना हातात रिकामी पिशवी, जाताना पिशवीच्या तळाशी गोळ्या आणि वर मेथीची जुडी.

एक रिटायर मास्तर एकदा गडबडीत भाजी घ्यायलाच विसरले आणि स्टँडवरून धापा टाकत परत आले. 'बाई, एखादी जुडी हाय का तुमच्याकडं?' मी घरी न्यायला घेतलेली शेपू दिली. मास्तरांनी नाक मुरडलं. 'ही कावून घेतली? आमच्यात शेपू कुणी तोंडाला लावत न्हाई. बायको लगेच वळखंल.' मग मीच पिशवी घेऊन बाहेर गेले आणि त्यांना पालक आणून दिला. नोकरीत असलीही कामं करावी लागतात, ती नेमणुकीच्या कागदावर नसतात.

माझ्या हुद्द्याचं नाव मानसोपचार सामाजिक कार्यकर्ती. हे पूर्ण म्हणेस्तोवर पेशंट उठून जायचा, म्हणून लोकांनी आपलं सुटसुटीत नाव पाडलं, चौकशीच्या बाई. डॉक्टर गोळ्या लिहितात, सिस्टर सुई टोचतात आणि मी विचारते. झोप कशी आहे, जेवण जातं का, हे कधीपासून, त्याच्या आधी काय घडलं, घरात आणखी कुणाला असं झालं होतं का, आणि आजारी माणसाच्या जवळ कोण झोपतं. शेवटच्या प्रश्नाला लोक बिचकायचे. पण दिवसा माणूस चेहरा सांभाळून वावरतो. त्याचं खरं काय चाललंय ते शेजारच्या अंथरुणावरच्याला कळतं.

'घरात कुणाला होतं का' याची तर गंमतच. नवरा म्हणणार, 'आमच्या खानदानात न्हाई बगा. हिच्या माहेराकडं इचारा.' बायको पदर सावरत म्हणणार, 'ह्यांचे चुलते दोन वर्सं कुणाशी बोलले न्हाईत, ते सांगा की.' मग दोघांची माझ्यासमोरच जुंपायची. मला हसू यायचं, पण लोक का लपवतात तेही कळायचं. सोयरीक जमवायला निघालेली माणसं हाच प्रश्न विचारत हिंडतात. गावातल्या हॉटेलात, पिठाच्या गिरणीवर, लांबच्या पाहुण्यांकडे. एकाचा आजार बाहेर फुटला की घरातल्या सगळ्या पोरींची लग्नं अडतात, म्हणून तोंडाला कुलूप.

यामुळे मी नोकरीभर एक नियम पाळला. दवाखान्याबाहेर आपण होऊन कुणाला ओळख दाखवायची नाही. समोरच्यानं 'बाई, बऱ्या हाव का?' म्हटलं तर थांबायचं, नाहीतर नजर सरळ पुढे. माझ्याजवळ बसून ढसाढसा रडलेल्या बायका लग्नात माझ्याच पंगतीला असायच्या आणि मी त्यांच्याकडे परक्यासारखी बघायची. माझ्या सासूबाईंना शेवटपर्यंत वाटत राहिलं की नोकरीनं सुनेला शिंगं फुटली. त्यांना काय सांगणार, कप्पाळ!

वैजनाथअप्पांचं धारूरला बाजाररस्त्यावर किराणा दुकान आहे. लिंगायत समाजातलं मानाचं घर. अप्पांच्या कपाळावर विभूतीचे ठसठशीत पट्टे आणि बोलणं जेवढ्यास तेवढं. दवाखान्यातून निघताना मी तिथं शेंगदाणे, मिरच्या घ्यायची. गल्ल्यावर त्यांची एकुलती एक लेक गिरिजा असायची. बी.कॉम. झालेली, जिभेनं तिखट. 'बाई, निम्मं धारूर तुमच्याकडं येऊन गेलं. आमीच तेवढं ऱ्हायलाव,' असं म्हणून खिदळायची. मी म्हणायची, 'ये की, तुझ्यासाठी खुर्ची पुसून ठेवते.'

एका बाजाराच्या दिवशी अप्पा खरंच तिला घेऊन आले. हातात पिशवी नव्हती. भर बाजारातून, सगळ्यांच्या देखत, लेकीचा दंड धरून हा माणूस आला, तेव्हाच मी समजले की पाणी डोक्यावरून गेलंय.

गिरिजा भिंतीकडे बघत होती. काही चघळत असल्यासारखे ओठ सारखे हलत होते. दुकानातला काटा लांबूनच आपलं वजन करतो आणि साऱ्या गावाला सांगतो, असं पुटपुटत होती. तीन-चार रात्री डोळ्याला डोळा नव्हता. मिरच्या तोलताना माझ्यासाठी मूठभर जास्त टाकणारी पोर ती, आणि तिच्या डोळ्यांत माझी ओळखच नव्हती.

मी नेहमीचे प्रश्न सुरू केले. घरात आणखी कुणाला?

'न्हाई,' अप्पा म्हणाले. 'आमच्यात कुणालाच न्हाई.'

मागोमाग आलेल्या त्यांच्या बायकोचं, महानंदाकाकूंचं अवसान तिथंच गळालं. 'आता तरी खरं सांगा की हो. वन्सं न्हाईत का?' आणि माझ्याकडे वळून त्या रडायलाच लागल्या. 'आत्यावर गेली बाई माजी पोरगी. आत्यावर गेली.'

वन्सं म्हणजे अप्पांची थोरली बहीण, शिवकांता. लग्नानंतर वर्षभरात त्यांचं मन बिघडलं. रडत बसायच्या, मग बोलणंच बंद, कधी कानात कुणीतरी बोलतंय म्हणायच्या. सासरच्यांनी एक दिवस आणून माहेरच्या ओट्यावर बसवलं आणि परत न्यायला कुणी आलं नाही. देवदेवस्की सगळी झाली, डॉक्टर काही झाला नाही. पुढे त्या बऱ्याच सावरल्या, अधूनमधून बुडायच्या आणि पुन्हा वर यायच्या, पण 'येडी आत्या' हे नाव कायमचं चिकटलं. गिरिजाला त्यांनीच वाढवलं. बी.कॉम. झाली तरी पोरगी त्यांच्याच कुशीत झोपायची.

आणि त्या घराची एक रीत होती. तशी ती कितीतरी घरांची आहे. पाहुणे पोरगी बघायला येणार असले की आदल्या दिवशी आत्यांना गेवराईकडच्या एका खेड्यात मावसभावाकडे धाडायचं. आष्टीकडचं चांगलं स्थळ बघायला येणार होतं, म्हणून या वेळीही धाडलं होतं. आणि पाहुणे यायच्या सकाळीच गिरिजा बरळायला लागली. पोरीला मलेरिया झालाय असं कळवून बघण्याचा कार्यक्रम पुढे ढकलला होता.

डॉक्टरसाहेबांनी तिला जिल्ह्याच्या दवाखान्यात दाखल करून घेतलं, औषध सुरू केलं. उतार पडायच्या ऐवजी पोरीचं अंग लाकडासारखं ताठ व्हायला लागलं. साहेब माझ्या टेबलाशी येऊन बसले. 'बाई, काहीतरी जुळत नाही. घरात आजार आहे म्हणून आपण सगळे तिकडंच बघतोय. पण हे फार झपाट्यानं आलंय. अगदी सुरुवातीला काय झालं ते काढा. लवकर काढा, पोरगी हातची जाईल.'

मी आईबापांना खोदून खोदून विचारलं. दोघांचं एकच, आदल्या दिवसापर्यंत चांगली होती, पाहुण्यांसाठी घर सारवून-आवरून ठेवत होती. मग मी शेवटचा प्रश्न विचारला. तिच्याजवळ कोण झोपायचं?

'अक्का,' अप्पा म्हणाले. 'पर ती काय सांगणार? येड्या माणसाला काय इचारायचं, बाई?'

माझं डोकंच सटकलं. 'अप्पा, मला सरकार पगार कशाचा देतं? येड्यांना इचारायचाच देतं. चला उठा, गाडीत बसा.'

आमच्या ओपीडीचे कॅम्प इतर तालुक्यांतही भरायचे, आणि त्या दिवशी आमची जीप गेवराईच्या कॅम्पला निघालीच होती. आम्ही पोचलो तेव्हा आत्या अंगणात लिंबाखाली बसल्या होत्या. वाळून काटकुळ्या झालेल्या. हाताच्या बोटांची पेरं मात्र हळकुंडासारखी सुजलेली. पुढ्यात भाकरी तशीच. भावाला बघून त्या उठल्या, पण जवळ आल्या नाहीत.

'गिरिजा कशी हाय रे?'

अप्पांनी माझ्याकडे बघितलं. मीच म्हटलं, 'आजारी आहे. तुम्हाला कळलं ना?'

'कळलं. फोन आलता.' त्या खाली बसल्या. 'माजंच लागलं तिला. माज्या कुशीत वाढली ना ती. माज्यातलंच तिच्यात गेलं. बाई, मी न्हाई येणार परत. मी जवळ नसले तर बरी हुईल लेकरू.'

पंचवीस-तीस वर्षं मी माणसांची रडगाणी ऐकली. त्यात मुरले होते मी. पण त्या बाईनं अन्न सोडून, भाचीपासून आपला आजार लांब ठेवायला लिंबाखाली बसणं धरलं होतं, ते बघून मला पदर डोळ्याला लावावा लागला. मग मी त्यांच्याजवळ जमिनीवर बसले आणि विचारलं, 'आत्या, तुम्ही निघायच्या आधीच्या रात्री ती कशी होती?'

'ताप होता की.' त्या लगेच म्हणाल्या. कुणीतरी विचारायचीच वाट बघत असल्यासारख्या. 'तीन दिसापून अंग कोमट होतं. डोकं लई दुखायचं. घरात सांगू नको म्हणली, पाव्हणे यायलेत, आई घाबरंल. दुकानातली तापाची गोळी खायची गुपचूप. त्या पहाटं डावा हात फडफडला तिचा. तोंड एकीकडं झालं, दातखीळ बसली. मी धरून बसले. मग झोपली. उठल्यावर तिला काईच याद न्हाई.'

'मग कुणाला सांगितलं नाहीत?'

'गेलते की सांगायला.' त्यांनी भावाकडे बघितलं. त्या नजरेत राग नावालाही नव्हता. 'अप्पा म्हणला, अक्का, गाडीत बस, उशीर हुतोय.'

अप्पांनी डोक्यावरची टोपी काढून तोंडावर धरली. सगळ्या बाजारपेठेत ज्यांच्या शब्दाला वजन होतं ते गृहस्थ बहिणीच्या पायाशी बसून लहान पोरासारखे हुंदके देत होते, आणि आत्या त्यांच्या पाठीवरून तो सुजका हात फिरवत होत्या. 'उगी रे. उगी. तुला काय ठाऊक हुतं?'

मी तिथूनच साहेबांना फोन लावला. ताप, डोकेदुखी, पहाटेचा झटका. पलीकडून एकच वाक्य आलं, 'आजच मोठ्या दवाखान्यात हलवतो.'

मोठ्या शहरात गिरिजाच्या मणक्यातलं पाणी काढून तपासलं. निदान झालं. अंगाची फौज असते ना, बाहेरून आलेल्या रोगाशी लढणारी, ती कधीकधी चुकून आपल्याच मेंदूवर चालून जाते. मेंदूला सूज येते. वरून बघणाऱ्याला ते थेट वेड दिसतं. नुसत्या वेडाच्या गोळ्यांनी ते हटत नाही, आधी ती फौज आवरावी लागते. तसं औषध सुरू झालं. चुटकीसरशी काही झालं नाही, पण दिवसागणिक पोरगी परत येत गेली. आधी ओठांचं चघळणं थांबलं, मग ताठरपणा उतरला, मग झोप आली. एके दिवशी महानंदाकाकू उशाशी बसल्या असताना तिनं डोळे उघडले आणि विचारलं, 'आत्या कुठाय?'

आता बोलायची पाळी अप्पांची होती. ते ओपीडीत आले ते आनंदानं फुललेले. 'म्हंजी साहेब, आमच्या रक्तातलं न्हाईच की हे! सुजेमुळं झालतं! आता समद्यांला सांगतो.' आत्या तिथंच कोपऱ्यातल्या बाकड्यावर गिरिजाशेजारी होत्या, तिच्याच हट्टानं घरी आणलेल्या. 'रक्तातलं न्हाई' ऐकून त्यांनी मान खाली घातली. भाचीवरचा डाग गेला, त्यांच्यावरचा तसाच राहिला होता.

साहेबांनी ते बघितलं. म्हणाले, 'अप्पा, जरा थांबा. गिरिजाचा आजार आत्यांकडून आला असं मला कुठंच दिसत नाही, हे खरं. पण आत्यांच्या आजाराला रक्ताचं नाव देऊन वाळीत टाकायचं असेल तर तेही जमणार नाही. घराण्यातून काही धोका येतो, येतो ना. मलाही माझ्या घराण्यातून साखरेचा आलाय. तुमच्या दुकानात काड्यापेट्यांचे खोकेच्या खोके आहेत, म्हणून दुकान रोज पेटतं का? पेटायला आणखी पुष्कळ काही जमून यावं लागतं.'

मग ते आत्यांकडे वळले. 'आत्या, ही बोटं कधीपासून सुजतात?'

'लई वर्सं झाली.'

'आणि बोटं सुजली की मन कसं असतं?'

आत्यांनी बोटं पदराखाली घेतली. गिरिजा शेजारून बोलली. अजून तिची जीभ जड होती. 'साहेब, आत्याचे सांधे धरले की ती बोलायची बंद हुती. दरबारी... दरवेळी. आमी म्हणायचो, दुखतंय म्हणून रुसली.'

साहेबांनी तपासण्या केल्या, सांध्यांच्या डॉक्टरांकडे पाठवलं. आमवात निघाला, जुना आणि कुणी न बघितलेला. अंगातली सूज आणि मनाची उदासी यांचा शेजार असतो, असं अलीकडे पुष्कळ ठिकाणी दिसायला लागलंय, साहेबांनी मला समजावलं. अंगाची फौज आणि मन, दोन्हीकडे हात असणारे काही वारसागुणही असावेत म्हणतात. सगळ्यांच्या बाबतीत तसंच असतं असं नाही आणि अजून खूप काही कळायचं बाकी आहे, हेही त्यांनी सांगितलं. मला ते आवडलं. न कळणारं न कळणारं म्हणून सांगणारा डॉक्टर मला नेहमी आवडत आलाय. आत्यांना सांध्यांचं औषध सुरू झालं, मनाचंही झालं. हळूहळू त्यांची बोटं वाकायला लागली. सीताफळाच्या दिवसांत त्यांनी माझ्यासाठी गर काढून, एकेक बी वेगळी करून डबा भरून आणला तेव्हा मी त्यांना म्हटलं, 'एवढं कशाला?' तर म्हणाल्या, 'बोटं चालत्यात, तर चालवू द्या की.'

इतक्या वर्षांत अशा किती आत्यांना मी भेटलेच नाही, हा विचार त्या दिवशी डबा धुताना आला. बाजारापर्यंतही न पोचलेल्या, पाहुण्यांच्या दिवशी गाडीत बसवलेल्या. त्यांचं काय झालं असेल?

गिरिजा पूर्ण बरी झाली आणि आष्टीचं स्थळ पुन्हा विचारायला लागलं. मुलाला फोटो फार आवडला होता म्हणे. बघण्याच्या कार्यक्रमाच्या आधी अप्पा माझ्याकडे आले. मी तेव्हा नुकतीच रिटायर झाले होते. 'बाई, गिरिजा म्हणती तुमी पायजेत. अन् अक्काला... म्हंजी तेवढ्या दिवसापुरतं...'

मी नुसती त्यांच्याकडे बघत राहिले. अप्पांनी वाक्य गिळलं आणि पुसल्यासारखा तोंडावरून हात फिरवला.

पाहुणे आले. मुलगा, त्याचे वडील, मामा आणि आई. आईला बघितलं आणि मी नजर भिंतीवरच्या कॅलेंडरवर नेऊन टेकवली. आष्टीच्या आमच्या कॅम्पला ही बाई कितीतरी वर्षं यायची. बाळंतपणानंतर मन खोल बुडालं होतं, मोठ्या कष्टानं वर आली होती. बाकीच्या मेथी न्यायच्या, ही पिठाच्या डब्यात गोळ्या पुरून न्यायची. आता त्यांनीही मला बघितलं असणार. बघून कपातल्या चहाकडे मान घातली. मी कॅलेंडरवरच्या तिथ्या वाचत बसले.

गिरिजानं भिजवलेल्या चुरमुऱ्यांची सुशीला आणली. मामांनी घास घेतला आणि अशा वेळच्या ठरलेल्या गोड आवाजात विचारलं, 'बाकी सगळं झ्याक हाय. आता इचारायचं म्हणून इचारतो, खानदानात काई... तसलं?'

अप्पांनी हातातली ताटली खाली ठेवली. गिरिजा उठली, आत गेली आणि आत्यांना हाताला धरून घेऊन आली. स्वतःच्या शेजारी, सतरंजीवर बसवलं.

'ही माजी आत्या. मला हिनं वाढवलं. हिला मनाच्या आजाराच्या गोळ्या चालू हाईत. मला मलेरिया झाल्ता असं सांगितलं, ते खोटं हाय. माज्या मेंदूला सूज आल्ती, मी सुदीत नव्हते. आता बरी हाय. डॉक्टरांचे समदे कागद हाईत, बगायचे तर बगा.' मग तिचा आवाज जरा कापला. 'पुढं काय हुईल ते कुणालाच म्हाईत न्हाई. पर पाव्हणे आले म्हणून आत्याला ह्या घरातून परत कुणी गाडीत बसवायचं न्हाई.'

मामांचा घास हातातच राहिला. मुलाच्या वडिलांनी बायकोकडे बघितलं, चला उठू या, अशा अर्थानं. आत्या उठायला लागल्या होत्या, गिरिजानं त्यांचं मनगट सोडलं नाही.

मुलाच्या आईनं कप खाली ठेवला. मला वाटलं, संपलं.

'चौकशीच्या बाई,' त्या म्हणाल्या. मोठ्यानं, सगळ्यांच्या देखत. 'आता वळख दाखवा की मला. किती वर्सं त्या कॅलेंडराकडं बगताव?'

माझा नियम तिथंच विरघळला. मी काही तरी बोलणार तोवर त्या सरकत सरकत आत्यांजवळ गेल्यासुद्धा. नवरा 'अगं...' म्हणाला, त्याला त्यांनी हातानंच गप्प केलं. मुलगा आईकडे नव्यानं बघितल्यासारखा बघत होता. त्यांनी आपली पिशवी पुढ्यात ओढली, आत हात घातला आणि गोळ्यांचं पाकीट काढून आत्यांच्या तळव्यावर ठेवलं.

'मी ही घेते बगा. रातच्याला, जेवल्यावर. तुमची कोणची हाय?'

आत्यांनी एकदा गिरिजाकडे बघितलं. मग कमरेची चंची सोडली, तिच्यातून आपल्या गोळ्या काढल्या आणि शेजारी मांडल्या.

'माजी पांढरी हाय,' त्या हळूच म्हणाल्या. 'तुमची कडू लागती का?'

'लई कडू. मी गूळ खाते वरून.'

'मी बी गूळच खाते,' आत्या म्हणाल्या, आणि गिरिजा गूळ आणायला दुकानात पळाली.